इंजिन नवं, गाडी जुनी : वाचकांचे प्रश्न

या वेळी पेटीत आलेले बरेचसे प्रश्न एकाच विषयावरचे आहेत, जुन्या पिकअपमध्ये नवं इंजिन आणि गिअरबॉक्स बसवण्याचे. त्यातही निम्मे अमेरिकेतल्या आपल्या मंडळींचे. म्हणून बाकीचे टायर-बॅटरीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, रागावू नका.

प्रश्न (ह्यूस्टन) : दादा, माझ्याकडे १९७० ची शेव्हरोले सी-१० आहे, ३५० घन इंचाचं व्ही-एट इंजिन आणि टर्बो ३५० नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. इंजिन ऑइल पितंय, हायवेला ७० माइलला नुसता आरडाओरडा. शेजारी म्हणतो शेव्हरोलेच्याच नव्या सिल्व्हराडो पिकअपचं ५.३ लिटरचं इंजिन आणि त्याचाच फोर-स्पीड गिअरबॉक्स टाक, दोन वीकेंडचं काम आहे. खरं का? आणि सुरुवात कुठून करू?

उत्तर : शेजाऱ्याचं इंजिन बरोबर आहे, वीकेंडचा हिशोब चुकीचा आहे. इंजिन उचलून जागेवर ठेवणं हे दोन दिवसांत होतं हो, ते कोणीही करेल, पण त्या इंजिनाला पेट्रोल द्यायचं, वीज द्यायची, थंड ठेवायचं आणि मग ती गाडी थांबवायची, हे जे चार खांब आहेत त्यात सगळा वेळ आणि पैसा जातो. इंजिन हा या कामातला सगळ्यात स्वस्त भाग ठरतो हे लोकांना पटतच नाही.

आता इंजिनाबद्दल. तुमचा शेजारी जे म्हणतोय ते एलएम-७, ५३२८ सीसी, १९९९ ते २००७ च्या सिल्व्हराडो, सिएरा, टाहो, सबर्बन अशा गाड्यांत ढिगाने आलं. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, कॉर्व्हेटमध्ये १९९७ ला आलेल्या एलएस-१ च्याच घरातलं. पॉवर साधारण २८५ हॉर्सपॉवर. तुम्ही म्हणाल माझ्या ३५० ची जुन्या कॅटलॉगमधली पॉवर पण काही कमी नाही, तर तो आकडा ग्रॉस आहे. १९७१ पर्यंत कंपन्या इंजिन स्टँडवर ठेवून, एअर क्लीनर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही, पंखा-अल्टरनेटरचं ओझं नाही असं मोजायच्या, १९७२ पासून सगळं बसवून मोजलेला नेट आकडा छापायला लागल्या. तेव्हा या दोन आकड्यांची तुलना करूच नका, चालवलीत की कळेल.

भंगार यार्डात गेलात की व्हीआयएनचं, म्हणजे गाडीच्या ओळख नंबरचं, आठवं अक्षर बघा. टी असेल तर एलएम-७, व्ही असेल तर ४.८ लिटर, यू असेल तर ६.० लिटर. झेड असेल तर फ्लेक्स-फ्युएलवालं ५.३, तेही चालतं. २००५ नंतर हळूहळू ५.३ मध्ये ती सिलेंडर बंद करून पेट्रोल वाचवायची सिस्टीम आली, तिचे लिफ्टर त्रास देतात, त्यामुळे पहिल्यांदाच करत असाल तर जुन्या पिढीचंच घ्या. आणखी एक, २००२ पर्यंतच्या ट्रकमध्ये बहुतेक वेळा थ्रॉटलला केबल असते, २००३ पासून बहुतेक सगळे ड्राइव्ह-बाय-वायर. वायरवालं वाईट नाही, उलट मला आवडतं, पण मग पेडल, पेडलचं ते मॉड्यूल आणि मेन कॉम्प्युटर हे तिन्ही एकाच गाडीचे हवेत. तिथे इकडचं तिकडचं चालत नाही.

म्हणून माझा सल्ला एकच, नुसतं इंजिन घेऊ नका. अख्खी ठोकलेली गाडी मिळाली तर ती घ्या, मागून ठोकलेली असेल तर उत्तम, कारण पुढचं सगळं शाबूत असतं. इंजिन, गिअरबॉक्स, कॉम्प्युटर, वायरिंग हार्नेस, पेडल, सेन्सर, हवेचा मीटर, अगदी ब्रॅकेटचे बोल्टसुद्धा मिळतात आणि मुख्य म्हणजे विकत घेण्याआधी चालू करून, गिअर टाकून बघता येते. पॅलेटवर ठेवलेल्या इंजिनाबद्दल विकणारा जे सांगतो ती सगळी कथा असते. उरलेली गाडी भागाभागाने विकली की बराच पैसा परत येतो, फक्त अंगणात दोन सांगाडे उभे राहतात त्याबद्दल घरच्यांशी आधी बोलून घ्या.

इंजिन स्टँडवर आहे तोवरच तीन गोष्टी उरकून घ्या, नंतर हात जाणार नाही. ऑइल चेंबर खोलून पिकअप ट्यूबची ओ-रिंग बदला, ती कडक झाली की पंप हवा ओढतो आणि ऑइल प्रेशर पडतं, लोक मग विनाकारण बेअरिंगला दोष देतात. इनटेकच्या खाली दोन नॉक सेन्सर (इंजिनाची ठोक ओळखणारे) आहेत, त्यांच्या खड्ड्यात पाणी साचून गंजतात, ते नवे टाका. आणि हेडवर ७०६ हा कास्टिंग नंबर दिसला तर त्यातल्या काही हेडना बारीक चीर जायची तक्रार होती, कूलंट गायब होतं पण बाहेर कुठे गळत नाही, तेव्हा व्हॉल्व्ह कव्हर काढून आतून दुधट चिकट थर आहे का तेवढं बघा.

आता बसवणं. तुमच्या फ्रेमवर जुन्या स्मॉल-ब्लॉकचे माउंट आहेत, त्यावर नवं इंजिन बसवायला ॲडॉप्टर प्लेट तयार मिळतात, त्यात विशेष काही नाही. अडचण येते ती तीन ठिकाणी. ट्रकचं ऑइल चेंबर खोल असतं, ते क्रॉसमेंबरच्या खाली लोंबतं, गाडी खाली केलेली असेल तर हमखास स्पीडब्रेकरला लागणार, म्हणून उथळ चेंबर घ्या. दुसरं, नव्या ट्रकचा एसी कॉम्प्रेसर खाली उजवीकडे असतो, तो तुमच्या फ्रेममध्ये घुसतो, एसी हवा असेल तर तो वर घेणारं ब्रॅकेट लागेल, आणि टेक्ससमध्ये राहून एसी नको म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. तिसरं, डावीकडचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि स्टिअरिंग बॉक्स. विकत घेण्याआधी मोजा.

कूलिंगमध्ये एक छोटी नळी असते ती लोक विसरतात. दोन्ही हेडच्या पुढच्या टोकाला वाफेचं भोक असतं, तिथून बारीक पाइप निघून रेडिएटरच्या वरच्या बाजूला किंवा टाकीला जायला हवा. तुमच्या जुन्या रेडिएटरला ते तोंडच नाही, म्हणून काही लोक भोक बुजवून मोकळे होतात. मग हवा हेडमध्ये अडकते आणि काटा नॉर्मल दाखवत असताना मागचे सिलेंडर भाजतात. रेडिएटरवाल्याकडून एक छोटं नोजल ब्रेझ करून घ्या, झालं काम.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर लांबवलंय ती, पेट्रोल. तुमच्या सी-१० ची टाकी सीटच्या मागे आहे, केबिनच्या आत. तुमच्या पाठीला टेकून. कार्बोरेटरच्या काळात पंप इंजिनवर, प्रेशर ५ ते ७ पीएसआय, कुठे होज सैल असला तर थेंब थेंब गळायचं आणि वास यायचा. नव्या इंजेक्शनच्या इंजिनाला ५८ पीएसआय लागतं, म्हणजे जवळपास ४ बार, आणि हे प्रेशर चावी लावल्या लावल्या तयार होतं. त्या प्रेशरला जुना रबरी होज आणि स्क्रूचा क्लिप टिकत नाही, गळती झाली तर थेंब नाही, फवारा येतो, आणि तो गरम एक्झॉस्टवर. म्हणून जुनी टाकी काढा, मागे बेडखाली फ्रेमच्या दोन्ही रेल्सच्या मध्ये नवी टाकी बसवा, आतमध्येच इलेक्ट्रिक पंप असलेली आणि आत पेट्रोल हिंदकळू नये म्हणून पडदे असलेली. बाहेर लावलेले पंप गुणगुणतात आणि टाकी पाव भरलेली असताना वळणावर हवा ओढतात. रेग्युलेटरसाठी सोपी युक्ती सगळे वापरतात, १९९९ ते २००३ च्या कॉर्व्हेटचा फिल्टर, त्यात रेग्युलेटर आतच असतो, टाकीजवळ लावायचा, इंजिनापर्यंत एकच लाइन. इंजेक्शनसाठीचाच होज, इंजेक्शनसाठीचेच क्लॅम्प, इथे चार डॉलर वाचवू नका. सीटमागची जागा मोकळी झाली की केबिनमधला तो कायमचा पेट्रोलचा वासही जातो, हा बोनस.

आणि ब्रेक. १९७० च्या सी-१० ला चारही ड्रम आहेत, पुढे डिस्क १९७१ पासून आली. इंजिन चालू व्हायच्या आधी पुढे डिस्क बसवा. १९७१ नंतरच्या गाडीचे स्पिंडल घेतलेत तर लक्षात ठेवा, त्यांना पाच बोल्टची चाकं आहेत, तुमच्या मागे सहा बोल्टची, मग एकतर मागचे ॲक्सल बदला नाहीतर सहा बोल्टचा डिस्क किट शोधा. पुढे पाच मागे सहा असं एक स्टेपनी घेऊन फिरणारे लोक आहेत, पंक्चर झालं की त्यांना साक्षात्कार होतो.

मी तरी क्रम असा लावेन, आधी ब्रेक, मग टाकी, मग इंजिन. पहिली दोन कामं जुनं इंजिन चालू असतानाच होतात आणि गाडी हाताशी राहते. उलटं केलं की गाडी वर्षभर जॅकवर.

प्रश्न (शार्लट, नॉर्थ कॅरोलिना) : नवं इंजिन घेतो पण माझा टर्बो ३५० नुकताच रिबिल्ड केलाय, तोच मागे लावला तर? कॉम्प्युटरच्या गिअरबॉक्सची भीती वाटते.

उत्तर : लागतो. पण ज्या कारणासाठी लोक हे सगळं करतात ते निम्मं कारण तुम्ही सोडून देताय. हिशोब बघा. २८ इंची टायर, मागच्या हाउसिंगचा, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या गिअरचा, रेशो ३.७३ धरला तर ७० माइलला टर्बो ३५० मध्ये, ज्याचा तिसरा गिअर सरळ एकास एक आहे, इंजिन साधारण ३,१३० आरपीएमला ओरडतं. सिल्व्हराडोचा तो फोर-स्पीड गिअरबॉक्स म्हणजे फोर-एल-सिक्स्टी-ई, त्याला चौथा गिअर ०.७० चा आहे, तिथे तेच इंजिन २,२०० च्या खाली येतं आणि वर टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक होतो, म्हणजे घसरणही नाही. वरच्या ह्यूस्टनच्या भावाचा जो आरडाओरडा आहे तो इंजिनाचा नाही, गिअरचा आहे. शिवाय पहिला गिअर ३.०६, तुमचा २.५२, म्हणजे सिग्नलवरून निघताना वेगळीच गाडी वाटते. ज्यांच्या हाउसिंगला ३.०७ रेशो आहे त्यांचं मात्र चौथ्या गिअरमध्ये ७० ला १,८०० च्या आसपास येतं, चढाला सारखा गिअर खाली पडत राहतो, त्यांनी रेशोचा विचार सोबतच करावा.

तरी टर्बो ३५० च लावायचा असेल तर एक खाच आहे. नव्या इंजिनाच्या क्रँकचं मागचं तोंड जुन्यापेक्षा साधारण ०.४ इंच आत आहे, अगदी सुरुवातीची काही ६.० लिटरची सोडली तर. म्हणून मध्ये स्पेसर आणि त्याला जुळणारी फ्लेक्सप्लेट (क्रँक आणि कन्व्हर्टर जोडणारी पातळ तबकडी) घ्यावीच लागते. नुसते बोल्ट जुळले म्हणून कसलात तर कन्व्हर्टरचा पुढचा टोपणासारखा भाग क्रँकमध्ये टेकतच नाही, लोंबकळत फिरतो आणि सील खातो.

मधला मार्ग म्हणून लोक ७००-आर-४ सुचवतात, १९८२ पासून आलेला, गिअर रेशो अगदी तेच, कॉम्प्युटर लागत नाही. खरंय, पण त्याला थ्रॉटलला जोडलेली एक केबल असते जी आतलं प्रेशर ठरवते, ती किरकोळ समजून ढिली ठेवली की क्लच काही दिवसांत जळतात. मला विचाराल तर केबलची भीती बाळगा, कॉम्प्युटरची नको. कॉम्प्युटर इंजिनासाठी गाडीत येतोच आहे, तोच गिअरही बदलेल.

प्रोपेलर शाफ्टचं सगळ्यात शेवटी बघा. नवा गिअरबॉक्स तीनेक इंच लांब आहे, मागचं माउंट दोनेक इंच मागे जातं, क्रॉसमेंबर सरकवून नवी भोकं पाडावी लागतात. दोन्हींच्या शाफ्टला २७ दातेच आहेत, म्हणून जुना योक (शाफ्टचं गिअरबॉक्समध्ये जाणारं तोंड) चालतो. शाफ्ट मात्र कापायला द्यायच्या आधी गाडी चारही चाकांवर जमिनीवर उभी करा आणि मग माप घ्या, जॅकवर मागचा ॲक्सल लोंबत असताना घेतलेलं माप चुकतंच.

प्रश्न (डेट्रॉइटजवळून) : गिअरबॉक्स बसवला, पहिल्या स्टार्टलाच घरघर आणि गाडी ना पुढे ना मागे. ज्याने विकला तो म्हणतो तुम्हीच तोडलात. काय झालं असेल?

उत्तर : न बघता सांगणं धाडसाचं आहे पण असं झालं की नव्वद टक्के वेळा पुढचा पंप फुटलेला असतो, आणि तो बसवताना फुटतो. विकणाऱ्याशी भांडायच्या आधी हे वाचा.

टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्सवर नुसता ठेवला की बसला असं वाटतं. बसत नाही. त्याला आत तीन ठिकाणी दाते जुळवायचे असतात, इनपुट शाफ्ट, स्टेटरचा शाफ्ट आणि पंप. दोन्ही हातांनी धरून हलकं आत दाबत गोल फिरवत राहायचं, एकदा टक् करून आत जातो, मग पुन्हा टक्, आणि तिसऱ्यांदा जो जातो तो पंपाचा. तिसरा टक् झाल्याशिवाय कन्व्हर्टरचं तोंड बेलहाउसिंगच्या (गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या भागाच्या) काठाच्या चांगलं आत गेलेलं दिसत नाही, एक सरळ पट्टी काठावर आडवी धरून बघितलं की लगेच कळतं. त्याआधी कन्व्हर्टरमध्ये थोडं ऑइल ओता, कोरडा पंप सुरुवातीच्या काही सेकंदांतच खरवडतो.

मग गिअरबॉक्स इंजिनाला भिडवायचा, आणि तो हाताने भिडायला पाहिजे. ब्लॉक आणि बेलहाउसिंग यांच्यात फट राहिली आणि तुम्ही म्हणालात बोल्ट कसले की ओढला जाईल, तर संपलं, तुम्ही अख्ख्या गिअरबॉक्सच्या वजनाने कन्व्हर्टर पंपात ठोकताय. फट मिटल्यावरही कन्व्हर्टर बोटाने मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून तीन ते पाच मिलिमीटर मागे असला पाहिजे, मग त्याला पुढे ओढून तीन बोल्ट कसायचे. ही तपासणी करायला पाच मिनिटं लागतात, न केल्याची किंमत तुम्ही मोजताय. पंप बदलून मिळतो, पण आतमध्ये धातूचा चुरा गेला असेल तर कूलरच्या लाइन आणि कूलर धुवून घ्या, नाहीतर नवा पंपही तोच चुरा खाईल.

जाता जाता, फोर-एल-सिक्स्टी-ई ची दुसरी कमजोर जागा म्हणजे तिसऱ्या-चौथ्या गिअरचे क्लच. ट्रेलर ओढणार असाल तर पुढे वेगळा ऑइल कूलर लावा. खूप ओढणार असाल तर फोर-एल-एटी-ई बघा, जड आणि मोठा आहे पण जबरदस्त.

प्रश्न (ऑस्टिन) : वायरिंग माझ्याच्याने होईल का? मी सॉफ्टवेअरवाला आहे, मीटर वापरता येतो. कार्बोरेटर लावून कॉम्प्युटर टाळता येतो का? एका मित्राचं इंजिन सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडतं, आता त्याने गाडीच विकायला काढलीय.

उत्तर : मित्राला म्हणावं थांब. सुरू होऊन दोन सेकंदांत बंद हे चोरीविरोधी लॉकचं लक्षण आहे. कॉम्प्युटर मूळ गाडीच्या चावीचा पासवर्ड मागतो, तो आला नाही की पेट्रोल तोडतो. ट्यूनिंगवाल्याकडे नुसता कॉम्प्युटर पाठवून ते बंद करून मिळतं, त्याच वेळी मागचे दोन ऑक्सिजन सेन्सरही बंद करून घ्यायचे, टायरची साइज आणि हाउसिंगचा रेशो टाकून घ्यायचा.

तुम्हाला जमेल. मूळ हार्नेसमधून इंजिन आणि गिअरबॉक्सचं तेवढं ठेवून बाकीच्या वायरी काढायच्या, हे चिवट पण सोपं काम आहे. शेवटी कॉम्प्युटरला गाडीकडून मोजक्याच गोष्टी लागतात. कायमचे १२ व्होल्ट, चावीचे १२ व्होल्ट, ग्राउंड, आणि तो पेट्रोल पंपाचा रिले चालवतो. कार्बोरेटर लावून कॉम्प्युटर टाळता येतो का असंही तुम्ही विचारलंय, येतो, पण मग इग्निशनला वेगळा बॉक्स, गिअरबॉक्सला वेगळा कंट्रोलर, म्हणजे एक कॉम्प्युटर टाळायला दोन विकत घ्यायचे.

गडबड होते ती चावीच्या वायरीत. जुन्या इग्निशन स्विचचे काही टर्मिनल स्टार्टर फिरत असताना वीज तोडतात, रेडिओ-हीटरवाले. तिथून कॉम्प्युटरला वीज दिलीत तर इंजिन नुसतं फिरत राहतं आणि चावी सोडताना एखाद्या वेळी भुर्रकन सुरू होतं. लोक मग सेन्सर बदलत बसतात. मीटर लावा, दुसऱ्या माणसाला स्टार्टर मारायला सांगा, आणि फिरत असतानाही १२ च्या आसपास टिकणारी वायर शोधा.

दुसरं ग्राउंड. पन्नास वर्षांचा गंज आणि वर तीन थर रंग, त्यावर रिंग टर्मिनल कसून काही उपयोग नाही. इंजिनपासून फ्रेम, इंजिनपासून बॉडी, बॅटरीपासून इंजिन, तिन्ही जाड पट्ट्या, खाली पत्रा चमकेपर्यंत घासून. विचित्र, रोज वेगळा दिसणारा फॉल्ट असला की मी आधी ग्राउंड बघतो, कोड नंतर वाचतो.

प्रश्न (सॅन होजे) : माझ्या नवऱ्याने १९७८ ची स्क्वेअरबॉडी (चौकोनी अंगाची) शेव्ही पिकअप बघून ठेवलीय, त्यात असंच इंजिन घालायचंय. कॅलिफोर्नियात स्मॉगचं, म्हणजे धुराच्या तपासणीचं, काय? मला नंतर रेफरीच्या (सरकारने नेमलेल्या स्मॉग तपासनीसाच्या) चकरा नकोयत.

उत्तर : ताई, तुम्ही विचारलंत हे बरं केलं, कारण हा प्रश्न नवरे विचारत नाहीत. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग चेक नाही, १९७६ पासून पुढे आहे. १९७८ च्या गाडीत नवं इंजिन घातलं तर ते गाडीच्या वर्षाचं किंवा त्यानंतरचं असलं पाहिजे, आणि त्या इंजिनाची एमिशनची सगळी सामग्री, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सेन्सर, टाकीच्या वाफेची सिस्टीम, सगळं जसंच्या तसं आलं पाहिजे, आणि रेफरीकडे दाखवून स्टिकर घ्यावा लागतो. होत नाही असं नाही, नीट केलं तर पास होतात. पण स्क्वेअरबॉडीच हवी असेल तर ती १९७३ ला सुरू झाली, १९७३ ते १९७५ ची शोधा म्हणावं. दिसायला जवळजवळ तीच. किंमत थोडी जास्त सांगतील, ती याच कारणासाठी.

टेक्ससवाल्या दोघांसाठी, तुमच्याकडे खासगी गाड्यांचं सेफ्टी इन्स्पेक्शन १ जानेवारी २०२५ पासून बंद झालंय, आणि एमिशन टेस्ट ज्या काउंट्यांत आहे तिथेही ती २४ वर्षांपर्यंतच्या गाड्यांना, तुमच्या गाड्या सुटल्या. इन्शुरन्सवाल्यांना मात्र लेखी कळवा.

प्रश्न (सांगली) : आजोबांची १९७२ ची महिंद्रा जीप आहे, पेट्रोल हरिकेन इंजिन, आरसी आमच्याच नावावर. गॅरेजवाला म्हणतो बोलेरोचं डिझेल आणि फाइव्ह-स्पीड बसवून देतो, सगळे करतात. करू का? शेतावर रोज लागते.

उत्तर : सगळे करतात हे खरं आहे आणि ते कायदेशीर नाही हेही खरं आहे. वरच्या अमेरिकेतल्या लोकांना जे जमतं ते आपल्याकडे जमत नाही याचं कारण साधं आहे, तिथे बहुतेक राज्यांत गाडीची ओळख चेसिसच्या व्हीआयएनवर, आपल्या आरसीवर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीने जे मूळ तपशील दिलेत त्यापासून वेगळा बदल करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच ठासून सांगितलं. इंजिन गेलं म्हणून त्याच मेकचं, त्याच प्रकारचं, त्याच इंधनाचं दुसरं इंजिन आरटीओची आधी परवानगी घेऊन बसवणं आणि नवा नंबर आरसीवर चढवून घेणं हा वेगळा मार्ग आहे, तो उघडा आहे. पेट्रोल काढून नव्या जमान्याचं डिझेल ही त्यातली गोष्ट नाही. अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनी सगळ्यात आधी इंजिन नंबर बघेल, समोरच्याला भरपाई द्यायची वेळ आली तर जमीन विकायची पाळी येईल.

मेकॅनिकलीही गॅरेजवाल्याला एक विचारा. या जीपच्या हाउसिंगचा रेशो ५.३८ असतो, कमी फिरणाऱ्या डिझेलला त्यावर साठच्या पुढे दमच उरत नाही, नुसता खडखडाट. मग हाउसिंग बदला, मग ब्रेक बदला, आणि शेवटी आजोबांच्या जीपमधलं काय उरलं, तर बॉनेट.

दुसरी बाजू बघा. तुमची जीप पन्नाशी ओलांडून गेलीय. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या खासगी गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. म्हणजे आज डिझेल टाकलंत तर हे दार बंद. पण या नोंदणीवर रोज शेतावर नेता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. तेव्हा तुमच्या रोजच्या कामाला एखादी साधी सेकंडहँड पिकअप घ्या आणि हरिकेन चांगल्या माणसाकडून उतरवून बोअर करून घ्या. या इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतो, हे ज्या मिस्त्रीला न सांगता माहीत आहे त्याच्याकडेच द्या, बाकीच्यांना चहा पाजून निरोप द्या.

प्रश्न (नाशिक, इंजिनिअरिंग दुसरं वर्ष) : सर, नवं व्ही-एट त्याच आकाराचं असून चांगलं का चालतं? फक्त इंजेक्शनमुळे का?

उत्तर : इंजेक्शन एक भाग आहे रे, सगळा नाही. हेडमधले हवेचे रस्ते बघ, जुन्यात दोन शेजारच्या सिलेंडरचे इनलेट एकमेकांना चिकटलेले, नव्यात आठही रस्ते सारखे आणि सुटे. प्रत्येक सिलेंडरला स्वतःची कॉइल, डिस्ट्रिब्युटर गायब, म्हणून टाइमिंग झिजत नाही. फायरिंग ऑर्डरही बदलली, जुनी १-८-४-३-६-५-७-२, नवी १-८-७-२-६-५-४-३. कागदावर दोन्ही लिहून क्रँकच्या चित्राशी ताडून बघ, कुठल्या जोड्या अदलाबदल झाल्यात ते सापडेल आणि मेन बेअरिंगवरचा भार कुठे गेला तेही. सापडलं की लिही, छापू.

प्रश्न (ह्यूस्टन, वरचेच) : दादा, एक राहिलं. माझा जुना स्पीडोमीटर केबलचा आहे आणि मला तोच ठेवायचाय, तो गोल डायल. नव्या गिअरबॉक्सला केबलची जागाच नाही म्हणतात.

उत्तर : नाहीच. त्याचा वेग सेन्सरमधून विजेने येतो. दोन उपाय. एक छोटी मोटारवाली डबी मिळते, ती सेन्सरचा सिग्नल घेऊन तुमची जुनी केबल फिरवते, डॅशखाली लपते, डायल तोच राहतो. किंवा तोच डायल देऊन आत जीपीएसची मशिनरी घालणारे लोक आहेत. मी डबी घेईन, कारण बिघडली तर बदलता येते आणि डायलला हात लागत नाही. मात्र ऑइल प्रेशर आणि टेंपरेचरच्या काट्यांचे सेंडर तुमचे जुनेच ठेवा, नव्या ब्लॉकला मेट्रिक आटे आहेत त्यासाठी ॲडॉप्टर लागतील, नव्या इंजिनाचा सेंडर जुन्या काट्याला जोडलात तर रीडिंग भलतंच येईल. आणि टाकी बदलताय तर तिचा फ्लोटही जुन्या काट्याच्या ओहमशी जुळणाराच मागवा, ऑर्डर देतानाच सांगा.